साध्या स्विचमधून पीओई काढता येईल का? (गोठ्यावरचा कॅमेरा)

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. आमचं घर जांबोटीच्या अलीकडं, रानाला लागून. घरात फायबर आलंय, राऊटर आहे, त्याला जोडलेला आठ पोर्टांचा १०० एमबीपीएसचा साधा स्विच आहे. गोठा घरापासून साधारण ७० मीटरवर. तिथं कॅमेरा लावायचाय. काजू-फणसाच्या दिवसांत अस्वल फिरतं, गवे तर बारमाही. आई पहाटे धार काढायला निघते, तिनं आधी फोनवर बघावं आणि मगच कडी काढावी, एवढंच हवंय.

गोठ्यात लाईट आहे, पण पंपाच्या लाईनवरची. असली तर असली. घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून लॅनच्या केबलमधूनच करंट न्यायचा (पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट) विचार आहे.

पीओई स्विच विकत मिळतो हे मला माहीत आहे, कृपया तो सल्ला देऊ नका. सोल्डरिंग गन आहे, मल्टिमीटर आहे, हात शिवशिवतायत. हा साधा स्विच उघडून त्याच्या पोर्टावर वीज चढवता येईल का? १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, चार मोकळ्या असतात असं वाचलंय. त्या मोकळ्या तारांवर ४८ व्होल्ट सोडले तर बिघडतं काय?

शहापूर_पेठ
वाचतोय. आमच्या गणपती मंडळालाही हेच पाहिजे आहे.

बेळगावी_लोणी
सल्ला देऊ नका म्हटलंत म्हणून तोच देतो. चार पोर्टांचा पीओई स्विच आणा आणि गप झोपा.

कडोलीकर
+१
बाकी अस्वलाला लाईव्ह दाखवणार असाल तर लिंक टाका.

सोल्डरगन
लोणीसाहेब, धाग्याचं शीर्षक वाचलंत का? माणूस "येईल का" विचारतोय, "घेऊ का" नाही.

जांबोटीकर, येतं. पण तार जोडली आणि चालू केलं असं नाही. आधी स्विच उघडून बघा. आरजे-४५ च्या मागं काळी लांबट चिप दिसेल, तो पल्स ट्रान्सफॉर्मर. डेटा जातो १-२ आणि ३-६ वरून. उरलेल्या ४-५ आणि ७-८. स्वस्तातल्या स्विचमध्ये या मोकळ्या पिना नुसत्या लोंबकळत सोडलेल्या नसतात. ४ आणि ५ एकत्र, ७ आणि ८ एकत्र, आणि दोन्हीकडून ७५ ओहमचा एकेक रेझिस्टर निघून एका ठिकाणी मिळतात. तिथून एक कपॅसिटर बॉडीला जातो, बहुतेक १००० पिकोफॅरॅड, २ केव्हीचा. या जोडणीला बॉब स्मिथ टर्मिनेशन म्हणतात, काम केबलवरचा गोंगाट जिरवायचं.

आता हिशेब करा. ४-५ वर प्लस आणि ७-८ वर मायनस दिलं तर मध्ये ७५ अधिक ७५, म्हणजे १५० ओहम. ४८ चा वर्ग भागिले १५०, म्हणजे १५ वॅटच्या वर. तो रेझिस्टर तांदळाच्या कणीएवढा, पाव वॅटसुद्धा सोसत नाही. आधी वास, मग धूर, मग ट्रॅक उचकटून येतो. २४ व्होल्ट दिले तरी पावणेचार वॅट होतात, तेही जास्तच.

म्हणून पहिलं काम ते रेझिस्टर काढणं, नाहीतर ब्लेडनं ट्रॅक कापणं. स्विच बंद करून, केबल काढून, मल्टिमीटरनं ४ आणि ७ मध्ये मोजा. १५० च्या आसपास दाखवलं तर आहेत. ओपन दाखवलं तर नशीब. मग बाहेरून ४८ व्होल्टचा एसएमपीएस (एसीचा डीसी करणारा सप्लाय), प्रत्येक पोर्टाला वेगळा पॉलिफ्यूज (करंट जास्त झाला की अडवणारा, नंतर आपोआप पूर्ववत होणारा), आणि जाड वायर. मी असे स्विच केलेत, चालतात.

रोहिणी_टिळकवाडी
सोल्डरगन यांनी स्विचच्या आतलं बरोबर सांगितलंय. माझा आक्षेप स्विचच्या बाहेरचा आहे.

पीओई म्हणजे "तारेत ४८ व्होल्ट" एवढंच नव्हे. ८०२.३ एएफ हे प्रमाण २००३ मध्ये आलं, त्यात करंट सोडायच्या आधी विचारपूस आहे. स्विच आधी साधारण २.७ ते १० व्होल्ट इतकाच हलका दाब देऊन बघतो की पलीकडं २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का. असला तरच समोर पीओईवालं यंत्र आहे असं समजून ४४ ते ५७ व्होल्ट सोडतो. पोर्टावर १५.४ वॅट, आणि १०० मीटरच्या टोकाला १२.९५ ची हमी. केबल काढली की पुन्हा बंद. त्याच्या पुढच्या प्रमाणांत, २००९ च्या एटीमध्ये तेच ३० वॅट, २०१८ च्या बीटीमध्ये ९० पर्यंत.

तुम्ही बदललेला स्विच काहीच विचारणार नाही. पोर्टावर २४ तास ४८ उभे. आज तुम्हाला माहीत आहे. दिवाळीत पाहुणा आला, वायफाय नीट येईना म्हणून त्यानं लॅपटॉपची केबल त्यात खुपसली. लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट, त्याच्या चारही जोड्यांच्या मधल्या टॅपवर तेच ७५ ओहमचे रेझिस्टर. तुमच्या स्विचमधले तुम्ही काढलेत, त्याच्या लॅपटॉपमधले कोण काढणार?

कडोलीकर
पाहुणा परत येणार नाही हा फायदा धरलेला दिसत नाही.

सोल्डरगन
ताई, पोर्टाला लाल टेप लावायची आणि वर लिहायचं. आमच्या वर्कशॉपमध्ये थ्री फेजचे बोर्ड उघडे असतात, तिथं कोण हात घालत नाही.

रोहिणी_टिळकवाडी
वर्कशॉपमध्ये कोण येतं-जातं ते तुमच्या हातात असतं. घरात नसतं. आणि टेप बेळगावच्या एका पावसाळ्यात निघते.

वडगावचा_विणकर
आमची गोष्ट ऐका. मागच्या खोलीत आमचे माग, तिथं कॅमेरा. बसवणाऱ्यानं ते दोन शेपट्यांचं जोडाक असतं ना, एका बाजूला डीसीची पिन, दुसऱ्या बाजूला डीसीची पिन, ते लावून १२ व्होल्टचा अडॅप्टर इकडं घरात ठेवला. दिवसभर झकास. दिवे लागणीला कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. सकाळी आपोआप बरा. बसवणारा म्हणाला कॅमेरा खराब. बदलला. नवाही तसाच करतोय. केबल असेल ५०-६० मीटर.

सोल्डरगन
रात्री आयआर एलईडी (अंधारात बघायचे कॅमेऱ्यातले दिवे) लागतात, करंट दुप्पट होतो, दाब पडतो. कॅमेऱ्याचा दोष नाही.

रोहिणी_टिळकवाडी
अगदी तेच. आकड्यात सांगते, जांबोटीकरांनाही उपयोगी पडेल. चांगल्या तांब्याच्या कॅट-५ई ची एक तार १०० मीटरला साधारण ९.४ ओहम धरा. जायला दोन तारा, यायला दोन तारा, म्हणून जाऊन-येऊन तेवढेच ९.४. ७० मीटरला ६.६. कॅमेरा दिवसा ०.३ अँपिअर घेत असेल तर २ व्होल्ट पडतात, टोकाला १० पोचतात, कसाबसा चालतो. रात्री ०.६ झाले की ४ व्होल्ट गेले, ८ उरले. कॅमेरा रीस्टार्ट होतो, एलईडी विझतात, करंट कमी होतो, दाब वर येतो, पुन्हा चालू, पुन्हा एलईडी. तुमचा लपंडाव तो हाच.

तेवढीच वीज ४८ व्होल्टवर नेली तर करंट ०.१५ च्या आसपास, आणि पडतो फक्त १ व्होल्ट. म्हणून पीओई ४८ वर आहे, १२ वर नाही.

वडगावचा_विणकर
म्हणजे पहिला कॅमेरा चांगला होता? तो तर बसवणारा घेऊन गेला!

बेळगावी_लोणी
तो आता दुसरीकडं दिवसा झकास चालत असेल.

उद्यमबाग_३रीगल्ली
विणकरभाऊ, केबलचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरं चमकलं तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक हीच, खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं. रोध दीडपटीहून थोडा जास्तच. डेटा जातो, म्हणून कुणाला कळत नाही. वीज न्यायला मात्र नको. क्रिम्प केलेल्या जागी काही महिन्यांनी सैल पण होते.

खोकं हातात घेतल्यावर वजनावरून कळतं. तांब्याचं जड लागतं.

हिंडलगा_एक्सप्रेस
या निमित्तानं एक आठवण. फायबर घरोघरी यायच्या आधी आमच्या गल्लीत केबलवाल्याचा स्विच खांबावर पत्र्याच्या डब्यात असायचा. त्याला खांबावर लाईट कुठली? मग उलटा पीओई. प्रत्येक गिऱ्हाईकाच्या घरात एक छोटा अडॅप्टर, त्यातून करंट आपल्या घरातून खांबावर जायचा. ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या जिवावर अख्ख्या गल्लीचं नेट. आमच्या समोरचे काका गावाला गेले आणि मेन स्विच पाडून गेले की नेमका करंट गेल्यावर सगळ्यांचं नेट बंद. लोक काकांना फोन करून "कधी येताय" विचारायचे, काकांना वाटायचं काय जिव्हाळा!

शहापूर_पेठ
हे आमच्याकडंही होतं. आईनं तो अडॅप्टर "आपलं बिल का वाढवायचं" म्हणून काढून ठेवला होता.

सोल्डरगन
बिल काय वाढणार, पाचसहा वॅट. पण हेच मी म्हणतोय. तो उलटा पीओई पण कसली विचारपूस करत नव्हता. मोकळ्या चार तारांवर सरळ डीसी. लाखो घरांत चालला.

रोहिणी_टिळकवाडी
चालला, कारण तो स्विच त्यासाठीच बनवलेला होता, दाब कमी होता, आणि प्रत्येक पोर्टाला आत डायोड होता, नाहीतर एका घरचा करंट दुसऱ्या घरात घुसला असता. आणि अडॅप्टर उलटसुलट लावून लोकांचे राऊटर जळलेले मी पाहिलेत.

निपाणी_नाका
बेळगाव म्हणावं की बेळगावी, यावर आयडींमध्येच एकमत नाही, पीओईवर कसं होणार :)

संपादक
निपाणी_नाका, त्या विषयाचा धागा वेगळा आहे आणि तो कुलूपबंद आहे. इथं केबलबद्दलच बोला.

उद्यमबाग_३रीगल्ली
जांबोटीकर, तुमचा कॅमेरा कुठला? नुसता १२ व्होल्टचा असेल तर गोठ्यात ४८ चे १२ करावे लागतील. त्यासाठी ती निळी छोटी बक मॉड्यूल येतात ती लावा, शंभराच्या आत मिळतात.

सोल्डरगन
थांबा थांबा. त्या निळ्या मॉड्यूलवर बहुतेक एलएम२५९६ असते, ती ४० व्होल्टपर्यंतच. ४८ लावलं की फट्. आणि ती गेली की कधी कधी आत-बाहेर शॉर्ट होऊन जाते, म्हणजे अख्खे ४८ कॅमेऱ्यात. एचव्ही लिहिलेली ६० ची येते, पण बाजारात खोट्या शिक्क्याच्या फार. एक्सएल७०१५ ची मॉड्यूल घ्या, ८० व्होल्टपर्यंत चालते, ०.८ अँपिअर देते, एका कॅमेऱ्याला पुरतं.

आणि कुणी "राऊटरला पण २४ देतो, आत रेग्युलेटर आहेच" म्हणत असेल तर आधी त्याच्या इनपुटच्या कपॅसिटरवर काय छापलंय ते वाचा. १२ च्या राऊटरमध्ये १६ व्होल्टचा कपॅसिटर असणं नेहमीचंच. २४ दिले की टोपी उडते.

रोहिणी_टिळकवाडी
पहिल्यांदाच सोल्डरगन यांना शंभर टक्के अनुमोदन. फक्त एक भर: गोठ्यात मॉड्यूलऐवजी तयार एएफ स्प्लिटर (केबलमधली वीज आणि डेटा वेगळे करणारी डबी) लावला तर २५ किलोओहमचा रेझिस्टरही आत असतो, उद्या इकडं खरा पीओई स्विच आला तरी तिकडचं काही बदलावं लागत नाही.

कणकुंबीचा_पाऊस
तुम्ही सगळे व्होल्टात अडकलात. आमच्याकडं मे महिन्यात वळीव सुरू झाला की पहिला बळी लॅन पोर्टाचा. ७० मीटरची तार घरापासून गोठ्यापर्यंत उघड्यावर ताणायची म्हणजे विजेला आमंत्रणच. अंगावर पडायला नको, शेजारच्या झाडावर पडली तरी तारेत झटका येतो. कॅमेरा जातो, स्विच जातो, स्विचमार्गे राऊटर जातो.

तार जमिनीखालून न्या, पाईपमधून, पावसाचं पाणी साचणार नाही अशा उतारानं. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (झटका जमिनीत वळवणारा), गॅस डिस्चार्ज ट्यूबवाला. त्याची हिरवी वायर खरोखरच्या अर्थिंगला, नळाला नाही. अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टर म्हणजे डबीच.

फॉइलवाली केबल घेतलीत तर फॉइल एकाच टोकाला अर्थ करा. गोठ्याची अर्थ आणि घराची अर्थ एका पातळीवर नसते, दोन्हीकडं जोडलं की फॉइलमधूनच करंट वाहायला लागतो.

कडोलीकर
मग फायबरच न्या की गोठ्यापर्यंत. वीज कशी शिरेल काचेत?

कणकुंबीचा_पाऊस
बरोबर, पण फायबरमधून कॅमेऱ्याला करंट कुठून द्यायचा? गोठ्यात सोलर आणि बॅटरी लावावी लागेल. आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर सूर्य दिसला तर लोक फोटो काढतात.

अर्थिंगवाले_भाऊ
लॅनचा पल्स ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टपर्यंत दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो, हे विसरू नका. तुम्ही बाहेरून सप्लाय जोडला की ती अलिप्तता तुमच्या एसएमपीएसच्या हातात गेली. मायनस बॉडीला जोडलेला स्वस्त सप्लाय असेल तर अलिप्तता शून्य. जनावरं बांधलेला, ओल्या जमिनीचा गोठा आहे. गाय माणसापेक्षा कमी व्होल्टला दचकते. कॅमेऱ्याची धातूची बॉडी लोखंडी खांबाला थेट लावू नका, मध्ये लाकूड किंवा पीव्हीसी घाला.

जांबोटीकर
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

स्विच उघडला. सोल्डरगन म्हणाले तसंच निघालं. ४ आणि ७ मध्ये १४९ ओहम, आठही पोर्टांवर. आणि दोन-दोन पोर्टांचे ते रेझिस्टर एकेका आठ पायांच्या पॅकमध्ये कोंबलेत, तो काढायचा तर शेजारच्या पोर्टाचाही जातो. ते बघून स्विचला हात लावायचा बेत सोडला.

पण बेत पूर्ण सोडला नाही. बदल स्विचच्या बाहेर केला. प्लॅस्टिकच्या स्विचबोर्डाच्या डब्यात दोन आरजे-४५ सॉकेट बसवले. १, २, ३, ६ सरळ आरपार, जोडी न सोडता, पिळा शेवटपर्यंत ठेवून. ४-५ आणि ७-८ स्विचकडच्या सॉकेटला जोडलेल्याच नाहीत, त्या फक्त गोठ्याकडच्या सॉकेटला, ४८ च्या एसएमपीएसवरून, अर्ध्या अँपिअरच्या पॉलिफ्यूजमधून. एसएमपीएस आउटपुट अर्थपासून वेगळा असलेला, इन्व्हर्टरच्या लाईनवर. कॅमेरा एएफचा घेतला, त्यामुळं तिकडं स्प्लिटर, मॉड्यूल काही नाही. डब्याला झाकण आणि स्क्रू. पाहुण्याला स्क्रूड्रायव्हर मिळणार नाही. गोठ्याकडची तार सॉकेटमधून निघू नये म्हणून आतच बांधलीय.

रात्री आयआर चालू असताना गोठ्याच्या टोकाला ४६.९ दाखवतोय, इकडं ४८.१.

रोहिणी_टिळकवाडी
याला आता माझा आक्षेप नाही. एएफच्या यंत्राला दोन्ही प्रकारे, डेटाच्या जोडीवरून किंवा मोकळ्या जोडीवरून, करंट घेता आलाच पाहिजे असा नियम आहे, म्हणून तुमचा कॅमेरा मोकळ्या जोडीवरच्या करंटवर उठला; विचारपूस करणं स्विचचं काम, ती झाली नाही तरी कॅमेऱ्याचं अडत नाही. एकच लक्षात ठेवा, हा डबा गिगाबिटच्या कामाचा नाही. चार तारा कापलेल्या आहेत.

सोल्डरगन
स्विच वाचला, पण मजा गेली :(
बाकी डबा झकास. आत फोटो टाका.

बेळगावी_लोणी
सॉकेट, एसएमपीएस, पॉलिफ्यूज, डबा, सर्ज प्रोटेक्टर... एकूण किती झाले? अंदाजे सांगा, रागावणार नाही.

जांबोटीकर
पीओई स्विचपेक्षा थोडे जास्तच. सर्ज प्रोटेक्टर दोन्हीकडं लागलाच असता म्हणा.

शहापूर_पेठ
आमच्या मंडळाचं राहिलंच. मांडवापासून ऑफिसपर्यंत गल्लीतून केबल १३० मीटर भरते. असाच डबा करून चालेल का? कॅमेरे तीन.

रोहिणी_टिळकवाडी
वीज पोचेल, डेटाची खात्री नाही. इथरनेटची हद्द १०० मीटर. मध्ये कुणाच्या तरी घरात एक छोटा पीओईवर चालणारा स्विच ठेवा, तो मागून वीज घेतो आणि पुढं देतो. तीन कॅमेऱ्यांची बेरीज करून बघा, रात्रीची धरा, प्रत्येकी ७ वॅट धरले तरी २१ झाले आणि स्विचचे स्वतःचे वेगळे. एएफचे १३ पुरणार नाहीत, ऑफिसमध्ये एटीचा ३० वॅटवाला पोर्ट लागेल. आणि मांडवात स्वतः बनवलेला डबा नको. तिथं केबल कोण कुठं खुपसेल याचा नेम नाही.

शहापूर_पेठ
मध्ये घर ज्यांचं आहे ते गेल्या वर्षीच्या वर्गणीवरून रुसलेत. आधी तिकडं जाऊन येतो.